झुरळाची मिशी आणि व्हिप स्पायडरचा पाय

व्हिप स्पायडर या कोळ्याच्या नातलगाचा फोटो दाखवला की प्रश्न ठरलेला: कोळ्याला एवढ्या लांब मिशा कशा? मुळात त्या मिशा नाहीतच. कोळी, विंचू, गोचीड या आठ पायांच्या गोतावळ्यात मिशा कुणालाच नसतात. मिशांसारखे दिसणारे ते दोन चाबूक म्हणजे पायांची पहिली जोडी. हा प्राणी चालतो उरलेल्या सहा पायांवर, तेही खेकड्यासारखा तिरका.

घोळ होतो कारण मिशीचं आणि या चाबकाचं काम एकच आहे, चाचपणं आणि वास घेणं. म्हणून ओळखायचं तर टोक सोडा, बूड बघा. झुरळाची मिशी डोक्यावर, डोळ्यालगतच्या खोबणीतून निघते. स्नायू असतात ते फक्त बुडाशी. पुढच्या दोऱ्यात शंभराहून जास्त बारीक पेरं असतात, पण स्नायू एकही नाही, त्यामुळे सगळी मिशी बुडातूनच फिरवावी लागते. व्हिप स्पायडरचा चाबूक मात्र बाकीच्या पायांच्याच रांगेत बसवलेला. मांडी, गुडघा सगळं जागच्या जागी. गुडघ्यापुढचा भाग तेवढा बारीक पेरांचा दोरा झालेला.

हा दोरा काय काय करतो ते बघण्यासारखं आहे. भक्ष्य दिसलं की लगेच झडप नाही. आधी टोकानं हलकेच चाचपून अंदाज घेतला जातो. फ्लोरिडाकडच्या एका जातीत दोन नर समोरासमोर आले की एक जण आपला चाबूक दुसऱ्याच्या पायांजवळ थरथरवतो. स्पर्श होत नाही, फक्त हवा हलते, आणि ती पायांवरच्या नाजूक केसांना कळते. जो जास्त वेळ थरथरवतो तो सहसा जिंकतो. मारामारीपेक्षा बरं! रात्री आपल्या कपारीत परतायलाही डोळ्यांपेक्षा हेच पाय जास्त उपयोगी पडतात.

तुटल्यावरचा फरकही मजेशीर आहे. झुरळाचं पिल्लू कात टाकताना मिशी परत वाढवू शकतं, पण मोठं झुरळ कात टाकत नाही, त्यामुळे त्याची तुटकी मिशी तुटकीच राहते. व्हिप स्पायडर मोठेपणीही कात टाकतो, म्हणून त्याला चाबूक पुन्हा फुटू शकतो.

मग कोळ्यांच्या मिशांचं झालं काय? 1998 मध्ये शरीराचे खंड ठरवणाऱ्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा दिसलं की कीटकांत ज्या खंडावर मिशा येतात, त्याच खंडावर कोळ्यांत जबडे येतात. म्हणजे झुरळाच्या मिशीचा खरा भाऊबंद व्हिप स्पायडरचा चाबूक नव्हे, त्याचे जबडे!

पायाची मिशी करणारा हा एकटाच नाही. व्हिनेगरसारखा उग्र वास फवारणारा व्हिप स्कॉर्पियनही पहिलीच जोडी वापरतो. हार्वेस्टमन हा लांब पायांचा नातलग मात्र दुसरी. तेव्हा त्याच्या फोटोत मिशीचं काम करणारे पाय शोधताना पुढून नव्हे, सगळ्यात लांब जोडीपासून बघायला सुरुवात करा.