अपशिंगे मिलिटरी आणि बिननावाचे शेहेचाळीस

साताऱ्याहून कराडच्या बाजूला निघालं की महामार्गापासून थोडं आत अपशिंगे हे गाव लागतं. सरकारी कागदावर ते ‘अपशिंगे (मिलिटरी)’ असतं. बोलताना कंस गळतो आणि ‘मिलिटरी अपशिंगे’ होतं. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी गावाची ख्याती. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावातले ४६ जण परत आले नाहीत. इंग्रज सरकारनं त्यांच्या आठवणीसाठी गावात स्मारक उभारलं. गावाच्या नावामागचा ‘मिलिटरी’ हा शब्द त्याच हिशेबातला आहे.

असं स्मारक फक्त अपशिंग्यातच आहे असं नाही. युद्ध संपल्यावर ज्या ज्या गावांनी पलटणींना माणसं पुरवली, तिथे सरकारनं दगडी पाट्या बसवल्या. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या, कुठे वेशीजवळ. मजकूर जवळजवळ छापील: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. (लढाई थांबली १९१८ मध्ये, पण तह झाला १९१९ मध्ये, म्हणून पाटीवर १९१९.) गावोगाव बदलायचे ते दोन आकडे. गेले किती आणि मेले किती. कोण गेले, ते पाटीवर नाही.

हे लोक पलटणीत का गेले, याचं उत्तर घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या जमिनीत आहे. शेताचे तुकडे लहान, खाणारी तोंडं जास्त, आणि शेतसारा रोख भरायचा. शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. आज हसू येईल, पण तो दर महिन्याला ठरल्यासारखा येणारा पैसा होता आणि पुढे पेन्शनची आशा होती. रत्नागिरी आणि सातारा जिल्हे, कोल्हापूर संस्थान हा मराठा पलटणींचा जुना भरतीचा मुलूख. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही युद्धकाळात भरतीला हातभार लावला. राजनिष्ठा, पराक्रमाची हौस हे सगळं असेलच, पण आधी चूल.

मराठा पलटणींचा मोठा वाटा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, खर्ची पडला. जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन टायग्रिस नदीकाठानं बगदादकडे निघाली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे तिला माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १९१५ मध्ये ती कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायची वेळ आली, आणि हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक दिवस ते मांस खायचं नाकारलं. गावी परत गेल्यावर जातीत घेतील का, ही धास्ती भुकेहून मोठी होती. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. टाउनशेंड उरलेलं युद्ध इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिला. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकत नेलं, पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. ११७ व्या पलटणीला नंतर ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

त्या आघाडीवर पडलेल्या, पण थडगं नसलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक आहे. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर नेण्यात आलं. चाळीस हजारांहून अधिक मृतांचं हे स्मारक. पण तिथेही भिंतीवर इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली एक आकडा. म्हणजे अपशिंग्याच्या स्मारकातला हिशेब आणि बसऱ्याच्या भिंतीवरचा हिशेब एकाच पद्धतीनं मांडलेला. युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच कारभाराचा चौकशी अहवाल काढला. आशिया आणि आफ्रिकेतल्या सैनिकांना स्मारकांत समान वागणूक मिळाली नाही, हे त्यात कबूल करून त्यांनी माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

कोणी म्हणेल, त्या काळी हजारो नावं कोरणं कसं जमणार? दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरली आहेत, तीही याच काळात. आणि आपल्याकडे त्याच्या शंभर वर्षं आधीचा भीमा कोरेगावचा स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई पेशव्यांच्या फौजेशी झाली, आणि स्तंभाचं काम १८२१ मध्ये सुरू झालं. त्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूनं पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत, साध्या शिपायांसकट. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. त्या एका प्रत्ययावरून हे शिपाई महार होते हे कोणालाही वाचता आलं. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, त्यानंतर दाद मागणाऱ्यांच्या हाती ही जुनी चाकरी मोठा पुरावा ठरली. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले, तेही या नावांसाठीच. तिथे नुसता आकडा असता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, असं मला वाटतं.

तसं पाहिलं तर गावात लढवय्याचा दगड उभारणं ही आपली फार जुनी रीत. वीरगळ कोणी पाहिला नाही? खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. पण तो दगड एका माणसाचा असे, आणि कोणाचा ते गावाला ठाऊक असे. पिढ्या सरल्या तसं ते विसरलं गेलं, ही गोष्ट वेगळी. सरकारी पाटीत ते पहिल्या दिवसापासूनच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात चित्र थोडं बदललं, पण त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळवावा लागला. रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या माणगावात तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. जवळच्या पळसगावचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतले जवान. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटेच पुढे धावले, ग्रेनेड फेकला, एकाला गोळीनं उडवलं आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावानंही २०२३ मध्ये त्यांच्या नावे स्मारक केलं. ते आहे सूर्यघड्याळाचं.

अपशिंग्याच्या ४६ जणांचा शोध मात्र अगदीच अशक्य नाही. कमिशनची यादी आता संगणकावर पाहता येते. तिच्यात पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. अडचण इंग्रजी अक्षरांची. नाव पलटणीच्या कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं उतरलेलं, आणि गावाचं नावही. त्यामुळे शोधायला बसणाऱ्यानं ‘अपशिंगे’ चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहायची तयारी ठेवावी.