रुतलेलं चाक आणि चहाची सुट्टी

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या भिंतीवर कागद चिकटवलेला आहे : 'गणित सुटल्याशिवाय जागा सोडू नका.' गेल्या आठवड्यात त्याच कागदाखाली एक मुलगी बसली होती. वयवारीचं उदाहरण तिनं चार वेळा मांडलं होतं आणि चारही वेळा ती त्याच ओळीवर येऊन थांबली होती. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी बुद्धिमापन शिकवतो, आणि तो कागद मला काढून टाकावासा वाटतो. चिकाटी हवीच. पण चिखलात चाक रुतल्यावर ते जागच्या जागी फिरवत राहिलं, तर आणखी खोल जातं.

हे रुतणं प्रयोगात स्वच्छ दिसतं. 1942 साली अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञानं पाण्याच्या भांड्यांची कोडी प्रसिद्ध केली. आपल्या भाषेत सांगायचं तर हंडा 21 मापांचा, पिंप 127 चं, चरवी 3 ची. मोजून 100 मापं पाणी काढा. पिंप भरा, त्यातून एकदा हंडा आणि दोनदा चरवी काढा : 127 - 21 - 3 - 3 = 100. अशी चार-पाच कोडी याच रीतीनं सुटतात. मग येतं हंडा 23, पिंप 49, चरवी 3, हवीत 20. हंडा भरून एक चरवी काढली की झालं! तरी बहुतेक लोक पिंपापासूनच सुरुवात करतात. पुढचं कोडं तर जुन्या रीतीनं सुटतच नाही : हंडा 28, पिंप 76, चरवी 3, हवीत 25. उत्तर 28 - 3. पहिली कोडी न सोडवलेल्या माणसाला ते चटकन दिसतं, सोडवलेल्यांपैकी अनेक जण मात्र अडकतात.

असं का होतं, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाइल नव्हे. एखादी गोष्ट जितकी आठवावी तितकी ती पुढच्या वेळी लवकर हाती लागते आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या गोष्टी मागे ढकलल्या जातात. करून पाहा : गाडी, रुमाल, भट्टी. तिन्हींच्या आधी एकच शब्द लावायचा आहे. 'भट्टी' वाचताच वीट आठवते. वीटरुमाल? नाही. पण वीट नाकारायची तरी ती पुन्हा आठवावी लागते, आणि दर नकारानिशी ती आणखी घट्ट बसते. चुकीचं उत्तर चुकीचं आहे हे कळूनही सुटका होत नाही, ती यामुळेच. (शब्द आहे 'हात'.)

मध्यंतर घेतलं की ही वीट विरते. स्टीव्हन स्मिथ आणि स्टीव्हन ब्लँकेनशिप यांनी 1989 मध्ये कोड्यांसोबत मुद्दाम दिशाभूल करणारे संकेत दिले. मध्यंतर लांबलं तशी जास्त कोडी सुटली आणि ते संकेतही जास्त विसरले गेले. म्हणजे इथे विसरणंच उपयोगी पडलं.

दुसरंही एक मत आहे. गणिती आँरी प्वांकारे यांना घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना मोठी कल्पना सुचली. नकळत मनात काम चालूच असतं, असं त्यांनी मांडलं. तसं काही होत असेलही. पण याच धाग्याला धरून 'सुप्त मनाला आज्ञा द्या', 'मिडब्रेन जागवा' असली शिबिरं भरतात आणि आईबाप हजारो रुपये मोजतात, याचा मला राग येतो. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली आणि आवाजाकडे मान वळवणं अशी कामं सांभाळतो. तो जन्मापासून जागाच असतो.

सुट्टीलाही अट आहे. 2009 मध्ये सिओ आणि ऑर्मरॉड यांनी 117 अभ्यास एकत्र तपासले. मध्यंतराचा फायदा दिसला, पण आधी जास्त वेळ झटलेल्यांना तो जास्त मिळाला. शब्दकोड्यांत नुसतं बसून राहण्यापेक्षा किंवा डोकं शिणवणाऱ्या कामापेक्षा हलकं काम सरस ठरलं. म्हणून मी मुलांना पर्वती चढून या म्हणतो, भांडी घासा म्हणतो. मोबाइल मात्र खोलीतच ठेवायला लावतो.

त्या मुलीला मी खाली चहाला पाठवलं. वीस मिनिटांनी ती आली, तोवर तिचं जुनं पान मी उलटून ठेवलं होतं. कोऱ्या पानावर ती उदाहरण नव्यानं उतरवू लागली आणि दुसऱ्याच ओळीवर पेन थांबलं.

"सर, बेरीज पाच वर्षांपूर्वीच्या वयांची दिलीय. मी आजची धरत होते."