पार्श्वभूमी: नामिबियाचा हेक आणि 1990 पूर्वीची लूट

आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याला बेंग्वेला हा थंड प्रवाह लागून वाहतो. वाऱ्याच्या जोराने तळाचे सकस पाणी वर येते आणि त्यावर इथला हेक हा मासा पोसला जातो. त्याच्या जाती दोन. उथळ पाण्यातला मर्लुशियस कापेन्सिस आणि खोलातला मर्लुशियस पॅराडॉक्सस. साधारण 200 ते 400 मीटरच्या पट्ट्यात दोन्ही एकाच जाळ्यात येतात. दिसायला इतके सारखे, की ओळख पटवायला कल्ले उघडावे लागतात. पॅराडॉक्ससच्या कल्ल्यांतील काट्यांवर काळे ठिपके असतात, कापेन्सिसच्या नसतात. बोटीवर एवढे कोण बघणार? म्हणून जुन्या नोंदींत सगळा माल नुसता ‘हेक’.

हेकचे मांस मऊ. पकडल्याबरोबर पोट साफ करून बर्फात घातला नाही, तर लगदा होतो. त्यामुळे लांबून येणाऱ्या बोटींना हा मासा पूर्वी परवडत नसे. जहाजावरच गोठवण्याची सोय झाली आणि चित्र पालटले. 1960 च्या दशकात स्पेन, सोव्हिएत संघ आणि इतर देशांचे मोठे ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत मासे पकडणारी जहाजे, इथे उतरले. 1972 मध्ये एकट्या नामिबियाच्या पाण्यातून 8 लाख टनांहून अधिक हेक उपसला गेला.

याला आवर का बसला नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. 1969 च्या करारातून मासेमारीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला खरा, पण ज्यांची जहाजे मासेमारी करत होती तेच देश त्याचे सदस्य. दक्षिण आफ्रिकेने 1977 मध्ये स्वतःच्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांचा हक्क जाहीर केला आणि परकी जहाजे बाहेर काढली. नामिबियावरचा तिचा ताबा मात्र बेकायदा होता, त्यामुळे तिथल्या समुद्रावरचा तिचा हक्क इतरांनी मानला नाही. समुद्र उघडाच राहिला.

21 मार्च 1990 ला नामिबिया स्वतंत्र झाला. नव्या सरकारने लगेच 200 मैलांचे क्षेत्र जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस चोरून मासेमारी करणारे स्पॅनिश ट्रॉलर पकडले गेले, खटले चालले. 1991 चा कोटा, म्हणजे वर्षभरात पकडायची कमाल मर्यादा, 60 हजार टनांवर ठेवला, म्हणजे 1972 च्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. 200 मीटरपेक्षा उथळ पाण्यात ट्रॉल जाळे ओढायला बंदी आली, कारण लहान हेक तिथेच वाढतो. मासा वॉल्व्हिस बे आणि ल्युडेरिट्झ या बंदरांतल्या कारखान्यांत उतरवण्यावर भर दिला गेला, म्हणजे रोजगार देशात राहिला. हा निर्णय आम्हाला कोट्याइतकाच मोलाचा वाटतो.

कोटा पुढे झपाट्याने वाढवला गेला, 2000 नंतर साठा पुन्हा खालावला, आणि 2006 पासून ऑक्टोबर महिना बंदीचा ठरला. जातींचा घोळ मात्र उरलाच. कोटा आजही दोघांचा मिळून एकच असतो, आणि मोठा कापेन्सिस लहान पॅराडॉक्सस खातो. एका जातीची पकड वाढली की दुसरीवर परिणाम होतोच. त्यामुळे एकूण टनांचा आकडा ठीक दिसला, तरी त्यात कोणती जात किती, हे वेगळे मोजल्याशिवाय साठ्याची खरी स्थिती कळत नाही.