डिबगर कनेक्ट होत नाही म्हणजे चिप गेली? नाही हो!

आमच्या रत्नागिरीत डिबगर (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं आणि तपासायचं उपकरण) कनेक्ट झाला नाही की लगेच निकाल, "खाऱ्या हवेने चिप गेली". अहो, बहुतेक वेळा ती ठणठणीत असते! कलमांच्या बागेतल्या पंपासाठी मी एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपचा बोर्ड केला, पहिला प्रोग्राम मस्त गेला, दुसऱ्यांदा 'नो टार्गेट', म्हणजे डिबगरला चिप सापडेचना. दोन चिपा उपटल्या, बोर्डावरचे तांब्याचे पॅडही उचकटले, आणि दोष काय तर क्यूबएमएक्समध्ये (चिपची सेटिंग करून सुरुवातीचा कोड बनवणारं सॉफ्टवेअर) डिबगला 'सिरियल वायर' (डिबगरची दोन तारांची जोडणी) निवडायचं राहिलेलं, त्यामुळे कोड सुरू झाला की पीए१३, पीए१४ या पिनांवरचं डिबगच बंद. बूट० ला (चिपने कुठून सुरू व्हायचं ते ठरवणारी पिन) ३.३ व्होल्ट देऊन रिसेट मारा, तुमचा कोड चालतच नाही, मग इरेज करा. किंवा 'कनेक्ट अंडर रिसेट' (चिप रिसेटमध्ये धरून डिबगर जोडणं) वापरा, पण त्याला एनआरएसटीची, म्हणजे रिसेट पिनची वायर लागते, नेमकी तीच लोक वाचवतात. गंज बघायचाच तर कनेक्टरवर बघा.