ट्रायथलॉनमधला पैसा येतो कुठून?

सोलापुरात कुणी आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं यांची लांब पल्ल्याची शर्यत, पूर्ण करून आला की अभिनंदनाला येणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो, "बक्षीस किती मिळालं?" प्रत्यक्षात त्यानेच आयोजकांना हजारो रुपये प्रवेश शुल्क भरलेलं असतं. तरीही प्रश्न रास्त आहे. जत्रेतल्या कुस्तीचं इनाम गावाच्या वर्गणीतून उभं राहतं, तसं व्यावसायिक ट्रायथलीटचं बक्षीस बऱ्याच अंशी या हौशी मंडळींच्या शुल्कातूनच निघतं. मात्र हे इनाम खेळाडूंना सहज मिळालेलं नाही.

पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र आणणारी पहिली आधुनिक ट्रायथलॉन १९७४ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत झाली. १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. बक्षिसाचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. फेब्रुवारी १९८२ मध्ये याच शर्यतीत ज्युली मॉस ही स्पर्धक अंतिम रेषेपर्यंत रांगत गेली. ते दृश्य टीव्हीवर गेलं आणि खेळ घराघरांत पोहोचला. प्रक्षेपण होतं, प्रायोजक होते, पण पळणाऱ्याच्या हातात काहीच पडत नव्हतं.

त्याच वर्षी फ्रान्सच्या नीस शहरात रोख बक्षिसांची शर्यत सुरू झाली. मार्क अ‍ॅलनने ती पुढे दहा वेळा जिंकली. हवाईची मोठी शर्यत बिनबक्षिसाची आणि नीसला पैसे, ही तफावत खेळाडूंना खुपू लागली. १९८५ मध्ये अनेक आघाडीचे खेळाडू हवाईला गेलेच नाहीत. पुढच्याच वर्षी तिथे १ लाख डॉलरची बक्षिसं जाहीर झाली आणि आदल्या वर्षी न आलेला डेव्ह स्कॉट परत येऊन जिंकला. मला या खेळाच्या अर्थकारणातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना वाटते. दुसऱ्या कुणी थैली उघडली की जुन्या आयोजकालाही उघडावी लागते, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पुढे खेळाच्या दोन वाटा झाल्या: ऑलिंपिकची छोट्या अंतराची आणि आयर्नमॅनसारखी लांब पल्ल्याची. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन आली. या ऑलिंपिकच्या वाटेवरच्या खेळाडूला देशाचा महासंघ पोसतो. त्याच्या शर्यती पात्रतेचे गुण ठरवतात, त्याची स्वतःची निवड कमीच. फ्रान्स-जर्मनीतल्या क्लब लीगमधून थोडी कमाई होते.

लांब पल्ल्याचा खेळाडू मात्र स्वतःचा धंदा स्वतः चालवतो. सायकल, वेटसूट (पोहताना घालायचा, तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख), बूट बनवणाऱ्या कंपन्यांचे करार हा त्याचा कणा. करारात ठरावीक रक्कम असते आणि मोठ्या शर्यतीत पहिल्या तिनांत आल्यास वेगळा बोनस. बक्षिसांवर एकट्याने घर चालवणं फार थोड्यांना जमतं. २०२२ मध्ये हवाईच्या कोना शहरात जागतिक विजेत्याला १ लाख २५ हजार डॉलर मिळाले. पण नेहमीच्या शर्यतीत पहिल्या काही क्रमांकांनंतर हाती काहीच लागत नाही आणि विमानाचं भाडं मात्र सगळ्यांना सारखंच. म्हणून अनेक जण शर्यतीच्या गावात एखाद्या कुटुंबाकडे उतरतात.

पूर्ण अंतराच्या शर्यती शरीराला वर्षात दोन-तीनच झेपतात, त्यामुळे कॅलेंडर आखणं हेच मोठं काम. आधी यादी बघायची: कोण कोण येतंय? मार्ग चढाचा की सपाट? वेटसूटला परवानगी मिळेल का? पोहण्यात कच्चा असलेल्याला तो हवाच असतो.

२०२४ पासून या हिशेबात नवी भर पडली. खेळाडूंची भागीदारी असलेल्या संघटनेने टी१०० ही मालिका आणली: २ किलोमीटर पोहणं, ८० सायकल, १८ धावणं, प्रत्येक शर्यतीत विजेत्याला २५ हजार डॉलर. त्याच वर्षी आयर्नमॅनच्या आयोजकांनीही प्रो सीरिज ही व्यावसायिकांची गुणांवरची मालिका सुरू केली, वर्षअखेरीस वेगळा एकूण १७ लाख डॉलरचा बोनस. १९८६ चीच चाल, फक्त आकडे मोठे.

प्रो सीरिजची गुणपद्धत बघण्यासारखी आहे. पूर्ण अंतराच्या शर्यतीत विजेत्याला ५,००० गुण, मागच्याचा प्रत्येक सेकंदाला एक गुण वजा. दहा मिनिटं मागे राहिलात की ६०० गेले, उरले ४,४००. त्यामुळे पूर्वी बाराव्या क्रमांकावर असलेला खेळाडू शेवटच्या दहा किलोमीटरला पाय आखडता घ्यायचा, आता तोही जीव तोडून पळतो. आणि ज्या शर्यतीत कुणी एकटाच फार पुढे निघून जाण्याची शक्यता आहे, तिथे जायचं का, हा प्रश्नही उभा राहतो.

आपल्याकडे गोव्यात २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३, म्हणजे निम्म्या अंतराची आयर्नमॅन, होते. सोलापूरची मंडळी हौसेने जाणार, आणि जावंही. पण पोहण्याच्या तलावावर घाम गाळणाऱ्या इथल्या एखाद्या मुला-मुलीला यातून पोट भरायचं असेल तर आजचा खरा आधार नोकरीचा आहे: सैन्यदल, रेल्वे, किंवा राज्य सरकारी नोकऱ्यांमधलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण. त्यासाठी पदक लागतं ते सहसा राष्ट्रीय पातळीच्या मान्यताप्राप्त स्पर्धेचं. म्हणून पैसे एकाच प्रवासापुरते असतील तर परदेशातल्या झगमगत्या शर्यतीआधी राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट काढावं, असं माझं ठाम मत आहे.