कराटे की तायक्वांदो? समोरच्याचे हात बघा

नाशकात पांढरा ड्रेस आणि कमरेला पट्टा दिसला की तो ‘कराटे क्लास’. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी पाय उडवणारी पोरं असोत, नाहीतर सिडकोतल्या एखाद्या भाड्याच्या हॉलमधली बॅच असो, आईबाप फी कराटेचीच भरतात. सर्टिफिकेटवर तायक्वांदो लिहिलंय हे ते फ्रेम करायला नेल्यावर लक्षात येतं.

मी हसायचो अशा लोकांना. चार वर्षं कॉलेज रोडच्या बाजूला संध्याकाळी किकबॉक्सिंग करतोय, मला काय कळत नाही? मग गेल्या पावसाळ्यात सातपूरच्या कंपनीतली पहिली पाळी करून थेट क्लासला येणारा एक उंच, काटकुळा पोरगा आला. सर म्हणाले, “दोघं हलक्या हाताने दोन राउंड करा.” तो जवळजवळ आडवाच उभा राहिला, खांदा माझ्याकडे, दोन्ही हात कमरेपाशी. पट्ट्याची सवय दिसतेय, म्हणजे कराटेवाला, सरळ ठोसा घालायला आत घुसणार, असा हिशेब करून मी कोपरं पोटाशी आवळली. त्याने पुढचा पाय उचलला आणि तो खाली ठेवलाच नाही. आधी माझ्या कमरेच्या हाडावर टेकवून मला थोपवलं, आणि तोच पाय तिथूनच वर येऊन हेडगार्डवर कानापाशी फाट्‌कन वाजला.

“लागलं का दादा?”

“नाही रे. कराटे किती वर्षं केलंस?”

“कराटे नाही, तायक्वांदो. आठवीपासून.”

एक सांगतो, हा गोंधळ अगदीच अडाणीपणाचा नाही. दोन्हींची नाळ एकमेकांत गुंतलेली आहे. कराटे ओकिनावा बेटांवरचं. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत त्याचं प्रात्यक्षिक केलं आणि ते जपानच्या मुख्य भूमीवर रुजलं. कोरिया १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होता. जपानमध्ये शिकायला गेलेले काही कोरियन तरुण तिथून शोतोकान कराटे शिकून परतले आणि त्यांनी आपापल्या तालमी काढल्या. तायक्वांदो हे नाव १९५५ चं, आणि ते सुचवणारे चोई होंग-ही स्वतः जपानमध्ये शोतोकान शिकलेले. त्यामुळे कराटेतली माए-गेरी आणि तायक्वांदोतली आप-चागी शेजारी शेजारी ठेवली तर दोन्ही समोरून मारलेल्या लाथाच. लाथेवरून ओळखायला गेलात तर माझ्यासारखी कानाखाली बसेल.

ओळखायचं ते त्याने उघडं काय सोडलंय त्यावरून. माणूस वर्षानुवर्षं ज्या नियमांत खेळतो, त्या नियमांत जिथे कधी मार बसला नाही ती जागा झाकायची सवयच अंगाला लागत नाही.

ऑलिम्पिकमध्ये दिसणाऱ्या तायक्वांदोत डोक्यावर ठोसा मारायला बंदी आहे. चिलखतावर ठोसा बसला तर गुण मिळतो एक. लाथ चिलखतावर बसली तर दोन, डोक्याला तीन, आणि गिरकी घेऊन मारली तर अनुक्रमे चार आणि पाच. आता सांगा, कोण कशाला हात वर ठेवेल? हात खाली असले की अंग हलकं राहतं, गिरकी लवकर येते. शिवाय चिलखतात आणि पायातल्या मोज्यांत सेन्सर आल्यापासून पुढचा पाय हवेत लोंबकळत ठेवून त्याच पायाने ढकलायचं, टोचायचं, वर न्यायचं हा खेळ फार बोकाळला. मला तो बघायला आवडत नाही. खायला तर अजिबात नाही.

स्पर्धेच्या कराटेत, म्हणजे जागतिक महासंघाच्या नियमांत, हाताच्या फटक्याला एक, अंगावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. पण चेहऱ्याकडे ठोसा चालतो, फक्त तो आवरता घ्यावा लागतो. (मराठीत पंच म्हणजे ठोसाही आणि निर्णय देणाराही, म्हणून मी ठोसाच म्हणतोय. कराटेत पंचाला पंच दिसला तरच गुण.) परिणाम असा की कराटेवाल्याचा पुढचा हात तुमच्या आणि त्याच्या मध्ये जिवंत असतो. तो लांबवर नाचत राहतो, एकदम झेप घेऊन आत येतो, मागच्या हाताचा सरळ ठोसा, ग्याकू-झुकी, टाकतो, ओरडतो आणि निघून जातो. ओरडणं दिखाऊ वाटतं, पण ठोसा मारल्याचं ते पंचाला पटवणंही असतं. निघता निघता तुमचा पुढचा पाय झाडूसारखा लोटून देतो तेही कराटेच. तायक्वांदोत असं पाडायला परवानगी नाही.

चाचणी सोपी आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात चेहऱ्याच्या दिशेने एक हलका, लांबून ठोसा नुसता दाखवा. तायक्वांदोवाला कमरेतून मागे झुकतो आणि त्याच वेळी पुढचा गुडघा वर येतो. कराटेवाला झुकत नाही. तुमचा हात बाजूला सारतो किंवा तुम्ही निघालात त्याच क्षणी स्वतः निघतो. मग एक पाऊल आत जा. तायक्वांदोवाल्याला छातीला छाती लागली की करण्यासारखं फार उरत नाही, तो चिकटतो, ढकलतो, पाय मारायला जागा शोधतो. आमच्या सातपूरच्या पोराविरुद्ध मी आता हेच करतो. लाथा बसतातच, पण निदान मांडीने बसतात, पावलाने नाही.

चोईंच्या जुन्या संघटनेचं, आयटीएफचं, तायक्वांदो केलेला भेटला तर हे गणित थोडं हलतं, कारण तिथे चेहऱ्याकडे ठोसा चालतो आणि हात जरा वर असतात.

पण खरा घोटाळा होतो तो क्योकुशिनमुळे. हेही कराटेच. मास ओयामा यांनी १९६४ मध्ये त्याची संघटना उभी केली. ते स्वतः जन्माने कोरियन होते. इथे फटका आवरायचा नाही, पूर्ण जोराने द्यायचा, पण चेहऱ्यावर ठोसा बंद. म्हणजे पुन्हा तीच उघडी जागा! हातांवरून बघाल तर तायक्वांदो वाटेल. फरक पायात. साध्या तायक्वांदोत आणि स्पर्धेच्या कराटेत मांडीवर लाथ मारता येत नाही, म्हणून तिथली माणसं पुढच्या पायावर निर्धास्त उभी राहतात. क्योकुशिनमध्ये मांडी हे मुख्य गिऱ्हाईक. तो समोर तोंड करून, दोन्ही पायांवर रोवून उभा राहतो, आणि जवळ गेलात तर चिकटत नाही, खुश होतो.

हे मला दिवाळीनंतर पंचवटीकडच्या एका पन्नाशीच्या काकांनी शिकवलं. हात सैल, पोट सुटलेलं. मी मनात म्हटलं, तायक्वांदो, आणि ठरल्याप्रमाणे आत शिरलो. बरगडीत दोन ठोसे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला एकच लाथ. रात्री स्कूटरला किक मारताना आई म्हणाली, “पाय का असा टाकतोयस?” राउंड संपल्यावर काकांनी दोन्ही मुठी छातीपुढे आणून ‘ओस’ म्हटलं, म्हणजे क्योकुशिनवाल्यांचा नमस्कार. सुरुवातीला आम्ही नुसते ग्लोव्हज टेकवले होते. ते ‘ओस’ तेव्हाच म्हटलं असतं तर मांडी वाचली असती.