ऑर्ग चार्ट आणि डेटा कॅटलॉग : एका जुन्या गफलतीची पार्श्वभूमी

डेटा गव्हर्नन्सचं टूल, म्हणजे कोणता डेटा कुठे आहे आणि त्याची जबाबदारी कोणाची हे नोंदवणारा डेटा कॅटलॉग, कंपनीत आलं की कोणीतरी एचआरकडून ऑर्ग चार्ट (कोण कोणाला रिपोर्ट करतं याचा तक्ता) मागवतं आणि तो टूलमध्ये जसाच्या तसा उतरवतं. विभाग, त्याखाली उपविभाग, त्याखाली टीम, आणि प्रत्येक टीमच्या नावावर तिची टेबलं आणि रिपोर्ट. पुढचा रीऑर्ग, म्हणजे विभागांची फेररचना, होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग कित्येक टेबलांना ओनरच उरत नाही, किंवा असतो तो नोकरी सोडून गेलेला असतो. कोण कोणाला रिपोर्ट करतो, हे सांगणारा आराखडा इथे या डेटाबद्दल जाब कोणी द्यायचा, हे सांगायला वापरलेला असतो. ही गफलत बरीच जुनी आहे.

पहिला ऑर्ग चार्ट म्हणून सहसा दाखवला जातो तो न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेचा, १८५५ चा. सुपरिंटेंडंट डॅनियल मॅकलम यांच्यासाठी जॉर्ज हेन्शॉ यांनी तो रेखाटला. त्यात संचालक मंडळ झाडाच्या मुळाशी, पानाच्या तळाला आहे आणि विभाग फांद्यांसारखे वर पसरलेले. मॅकलम यांचा कटाक्ष हुकमापेक्षा खबरीवर जास्त होता : गाडी कुठे आहे, उशीर का झाला, हे तारेने तासातासाला कोणी कोणाला कळवायचं. म्हणजे आजच्या भाषेत तो डेटाचाच आराखडा होता. पुढे चार्ट उलटा झाला, साहेब वर गेले आणि खबरीचा भाग गळून पडला.

संगणकात हे झाड आलं ते आधी खरोखर झाड म्हणूनच. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या आयबीएमच्या आयएमएस या डेटाबेसमध्ये मूळ रचना अशी की प्रत्येक नोंदीला एकच पालक. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी डेटा झाडाऐवजी टेबलांत ठेवणारं रिलेशनल मॉडेल मांडलं, पण सवय गेली नाही. ओरॅकल या डेटाबेसच्या सरावासाठीच्या ईएमपी टेबलात १४ कर्मचारी आहेत, प्रत्येकाचा वरिष्ठ कोण हे सांगणारा एमजीआर नावाचा एक कॉलम आहे आणि किंग या अध्यक्षापुढे तो रिकामा आहे. एसक्यूएल (अशा टेबलांमधून माहिती काढायची भाषा) शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांना कंपनी म्हणजे हे टेबल, असंच वाटत आलं. शेजारच्या डेप्ट टेबलात ४० क्रमांकाचा ऑपरेशन्स विभाग आहे आणि त्यात एकही कर्मचारी नाही. माणूस नसलेला विभागही विभागच असतो, हे त्या चार ओळींच्या टेबलात दिसतं. एमजीआरच्या साखळीवरून चढत-उतरत गेलं तर तो विभाग कधीच सापडणार नाही.

पुढची मोठी अडचण डिरेक्टरीने, म्हणजे कंपनीतल्या लोकांच्या आणि संगणकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिस्टीमने, आणली. १९८८ च्या एक्स.५०० मानकात आणि त्यातून निघालेल्या एलडॅप या प्रोटोकॉलमध्ये नोंदीचं पूर्ण नाव हाच तिचा मार्ग असतो : व्यक्ती, तिचं युनिट, मग संस्था. युनिटचं नाव बदललं की खालच्या प्रत्येकाचं पूर्ण नाव बदलतं आणि ते नाव साठवून ठेवलेली प्रत्येक बाहेरची सिस्टीम तुटते. विंडोज २००० सोबत आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक नोंदीला न बदलणारा वेगळा आयडी आहे, तरीही लोक युनिटचा मार्गच साठवत राहिले. तिथली ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट) ही कारभार वाटून देण्यासाठी आणि ग्रुप पॉलिसी (अनेक संगणकांना एकत्र लागू होणारे नियम) लावण्यासाठी आहेत, ऑर्ग चार्टची नक्कल करण्यासाठी नाहीत. तो सल्लाही फारसा कोणी मनावर घेतला नाही.

सगळ्यात शहाणं मॉडेल, आमच्या मते, एचआर सॉफ्टवेअरमध्ये पडून होतं. एसएपी या कंपनीच्या ऑर्गनायझेशनल मॅनेजमेंटमध्ये ओ म्हणजे युनिट, एस म्हणजे पद, पी म्हणजे व्यक्ती. व्यक्ती थेट युनिटला चिकटत नाही. ती पद धारण करते (संबंध ००८) आणि पद युनिटचं असतं (००३). युनिटचा प्रमुख कोण, हा आणखी वेगळा संबंध (०१२). प्रत्येक संबंधाला सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि शेवट ठरलेला नसेल तर ३१.१२.९९९९. माणूस गेला की पद रिकामं होतं, पण जबाबदारी जागेवर राहते. जानेवारी २०१४ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या ऑर्गनायझेशन ऑन्टॉलॉजीतही (संस्थांची रचना नोंदवायच्या मानकातही) पद आणि सदस्यत्व वेगळे आहेत, शिवाय विलीनीकरण किंवा विभाजन नोंदवण्यासाठी स्वतंत्र बदल-घटना आहे.

गव्हर्नन्सवाल्यांना याची गरज भासली ती २००८ च्या आर्थिक संकटानंतर. एखाद्या ग्राहकाकडे समूहाची एकूण किती रक्कम अडकली आहे, हे मोठ्या बँकांना झटकन सांगता येईना. बासल समितीच्या (बँकांवरच्या देखरेखीची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) जानेवारी २०१३ च्या बीसीबीएस २३९ तत्त्वांनी जोखमीचा डेटा व्यवसाय, लीगल एंटिटी (कायद्याने स्वतंत्र मानलेली कंपनी), मालमत्तेचा प्रकार, उद्योग आणि प्रदेश अशा वेगवेगळ्या गटांनुसार मिळायला हवा, असं बजावलं. म्हणजे एकाच कंपनीची एकाच वेळी निदान तीन झाडं : कायद्याचं, व्यवसायाचं आणि भूगोलाचं. रिपोर्टिंग लाइनचं चौथं.

टूलमध्ये मात्र जागा एकाच झाडाला. कोलिब्रा या कॅटलॉगमध्ये कम्युनिटी, तिच्या आत डोमेन, त्याच्या आत ॲसेट, म्हणजे टेबल किंवा रिपोर्टसारखी नोंद. एक ॲसेट एकाच डोमेनमध्ये. मायक्रोसॉफ्ट पर्व्ह्यू या दुसऱ्या टूलमध्ये कलेक्शनचं झाड, आणि ॲसेट एकाच कलेक्शनमध्ये. दोन्हीकडे वर दिलेला अधिकार वारशाने खाली झिरपतो आणि घोळ होतो तो नेमका इथेच. ‘रिटेल’खालची एक टीम ‘डिजिटल’खाली हलवली की तिच्या सगळ्या टेबलांवर नव्या वरिष्ठांचे अधिकार आपोआप लागू होतात आणि जुन्यांचे जातात. कोणी एकही परवानगी हाताने बदललेली नसते, म्हणून तपासातही ते उशिरा लक्षात येतं.

यावरचा आता रुळलेला तोडगा असा. टूलच्या मुख्य झाडात विषय ठेवायचे : ग्राहक, कर्ज, पुरवठादार, कर्मचारी. ते रीऑर्गमध्ये सहसा हलत नाहीत. युनिट, लीगल एंटिटी आणि पद हे स्वतंत्र ॲसेट प्रकार करायचे आणि संबंधांनी जोडायचे. युनिटला अर्थहीन, कायमचा आयडी द्यायचा. नाव, संक्षेप किंवा कॉस्ट सेंटरचा (खर्चाच्या खात्याचा) क्रमांक ही किल्ली, म्हणजे नोंद ओळखायची खूण, करायची नाही, कारण फायनान्स तो क्रमांक कधीही बदलू शकतं. एचआरची फाईल रोज रात्री घ्यायची, पण फाईलमधून गायब झालेलं युनिट डिलीट करायचं नाही : ‘बंद’ अशी स्थिती, बंद झाल्याची तारीख आणि ‘उत्तराधिकारी युनिट’ हा संबंध भरायचा. ओनरशिप पदाला द्यायची. पद ठरावीक दिवस, समजा ३०, रिकामं राहिलं तर त्याखालच्या ॲसेटची यादी वरच्या पदाकडे जाईल, असा नियम लावायचा. आणि एचआरच्या झाडातले सगळे स्तर आत ओढायचे नाहीत. जिथपर्यंत कोणीतरी खरोखर निर्णय घेतं तिथपर्यंतचे दोन-तीन पुरतात.

विलीनीकरणात याची खरी परीक्षा होते. मुंबईत मुख्यालय असलेल्या स्टेट बँकेत १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक विलीन झाल्या. त्यानंतर २०१८ मध्ये सुमारे १,३०० शाखांची नावं आणि आयएफएससी बदलले गेले. शाखेचा आयएफएससी हीच किल्ली धरून बसलेल्या कोणत्याही कॅटलॉगमध्ये अशा वेळी जुन्या शाखेचा इतिहास एका नोंदीवर आणि नव्या शाखेचा दुसऱ्या नोंदीवर पडतो, आणि दोन्ही एकच शाखा आहे हे सांगणारी ओळ कुठेच नसते.

लीगल एंटिटीचं झाड आता भारतातही टाळता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये जबाबदारी येते ती डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणाऱ्यावर, म्हणजे बहुतेक वेळा नोंदणीकृत कंपनीवर. समूहातल्या दोन कंपन्यांचं मार्केटिंग एकच टीम बघत असली तरी कोणती संमती कोणत्या कंपनीने घेतली हे वेगळं दाखवावं लागणार. ज्या कॅटलॉगमध्ये ती टीम एकाच फांदीवर टांगलेली आहे, तिथे आधी प्रत्येक टेबलाला लीगल एंटिटीचा संबंध जोडण्यापासूनच सुरुवात करावी लागते.